सातमाशा माणसाचा दम ओळखणारी जिम

माझा जन्म १९९१ सालचा, तिसाव्या आठवड्यातला. आजीच्या तोंडी मी कायम ‘सातमाशी’. शाळेत धावताना मला सगळ्यांच्या आधी दम लागायचा आणि त्याचे खापर आळसावर फुटायचे. साताऱ्यातल्या आधीच्या जिममध्येही वेगळे काही घडले नाही. यवतेश्वर घाटातल्या २१ किलोमीटरच्या हिल मॅरेथॉनच्या तयारीत तिथे सगळे बुडालेले असत, आणि ट्रेडमिलवरची माझी धाप पाहून ‘मॅडम, जरा मनावर घ्या’ एवढाच सल्ला मिळे.

पोवई नाक्याजवळच्या या लहानशा जिममध्ये आठ महिन्यांपूर्वी नाव घातले, तेव्हा प्रशिक्षिकेने दमा आणि मधुमेहाच्या जोडीला जन्म कितव्या महिन्यातला, हेही विचारले. प्रश्न नेमका होता. फुप्फुसांतील वायुकोश मुख्यतः गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत आणि जन्मानंतर तयार होतात, तर मूत्रपिंडातील गाळण्या साधारण ३६व्या आठवड्यापर्यंत. बाळ त्याआधीच जन्मले की या कामात खंड पडतो. म्हणूनच ३७ आठवड्यांआधी जन्मलेल्यांमध्ये मोठेपणी सरासरीने दमसास थोडा कमी आणि रक्तदाब थोडा जास्त आढळतो. व्यायामाने फुप्फुसांची घडण बदलणार नाही, स्नायू आणि हृदय मात्र सरावाने तयार होतील, असे तिने पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले.

सायकलवर एक मिनिट जोरात, दोन मिनिटे सावकाश, असा क्रम असतो. मध्येच ती विचारते, ‘आज डब्यात काय?’ ‘मेथीची भाजी, दोन भाकऱ्या आणि...’ इथे माझे वाक्य तुटले, की ती काही न बोलता सायकलचा नॉब थोडा मागे फिरवते. माझ्या मते महिन्याच्या १,५०० रुपयांतले निम्मे तरी या एका प्रश्नाचे आहेत. साताऱ्यातल्या टेकडीवरच्या ‘चार भिंती’ स्मारकापर्यंतच्या चढणीला मी पूर्वी तीनदा टेकायचे, आता एकदा.

उणिवाही आहेत. रक्तदाबाच्या यंत्राचे सेल दोन आठवडे संपलेले होते. माझ्यासारखीला ते यंत्र वजनकाट्यापेक्षा गरजेचे आहे. कपडे बदलायची खोली अंधारी. संध्याकाळी तर गाणी इतक्या मोठ्याने लावतात, की डब्यात काय आहे ते सांगूनही ऐकू जात नाही; म्हणून पुढच्या सहा महिन्यांचे पैसे मी सकाळी साडेसहाच्या बॅचचेच भरले आहेत.