ब्रिटनला जायचं, पण आजीच्या दाखल्यावर की कंपनीच्या ऑफरवर?

आजीचा जन्म ग्लासगोचा, हातात लंडनच्या आयटी कंपनीची ऑफर. कुठला व्हिसा घेऊ, असं मैत्रिणीनं विचारलं. पर्याय दोन: आजी-आजोबांपैकी कुणी ब्रिटनमध्ये जन्मलं असेल तर मिळणारा अ‍ॅन्सेस्ट्री व्हिसा, किंवा तिथल्या कंपनीच्या नोकरीवर मिळणारा स्किल्ड वर्कर व्हिसा.

आरोग्य अधिभार (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायची रक्कम) दोन्हीकडे वर्षाला १,०३५ पौंड. खरा फरक मोकळीकीत. स्किल्ड वर्कर व्हिसा कंपनीला बांधलेला. नोकरी गेली की साधारण ६० दिवसांत दुसरी प्रायोजक कंपनी शोधायची, नाहीतर परत यायचं. अ‍ॅन्सेस्ट्रीवर पाच वर्षं हवी ती नोकरी करा, सोडा, स्वतःचा धंदा काढा.

कागद मात्र अ‍ॅन्सेस्ट्रीचेच दमवतात: आजीचा जन्मदाखला, आईचा, मग आपला, लग्नानंतर बदललेल्या नावांसकट. शिवाय अर्ज ब्रिटनबाहेरूनच करावा लागतो.

दाखल्यांची साखळी पूर्ण असेल तर डोळे झाकून अ‍ॅन्सेस्ट्री. दाखले अपुरे, रुजू व्हायची घाई आणि कंपनी खर्च उचलतेय, तर स्किल्ड वर्कर.