पाठीवरची चाइल्ड कॅरिअर : पानगळीचा अख्खा मोसम वापरल्यानंतर

लेकीला पाठीवर घेऊन फिरता यावं म्हणून ऑगस्टच्या अखेरीला आम्ही फ्रेमची कॅरिअर घेतली. अ‍ॅल्युमिनियमची चौकट, रुंद कमरपट्टा, आत मुलासाठी बैठक आणि वर उघडबंद होणारं छत, असा हा प्रकार. सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर ती सतत वापरात होती. आता डिसेंबरात झाडं पार उघडी झाली आहेत आणि कॅरिअरही धुऊनपुसून कपाटावर गेली आहे, तेव्हा सगळा अनुभव एकदा नीट लिहिते. लेक अडीच वर्षांची आहे, वजन साडेबारा किलो. कॅरिअर मी आणि नवरा आलटून पालटून घालतो.

माझं मत आधीच सांगून टाकते. अशा कॅरिअरच्या जाहिरातीत नेहमी डोंगरमाथा आणि लांबच लांब वाटा दिसतात. आम्हाला तिचा सगळ्यात मोठा उपयोग झाला तो लेकीला स्वतःच्या पायांनी चालू देण्यासाठी. अडीच वर्षांचं मूल रानवाटेवर दहा पावलं चालतं, पान उचलतं, उलटं फिरतं, तेच पान परत पहिल्या जागी ठेवून येतं. परतीचं अंतर डोक्यात असलं की आपल्या तोंडून "चल गं, आटप लवकर" सुरू होतं. पाठीवर बसायची सोय सोबत असली की ते बंद होतं. ती दमली की उचलून घ्यायचं, एवढं ठरलेलं असतं, मग एका ओंडक्यापाशी अर्धा तास गेला तरी काही बिघडत नाही. बऱ्याच फेऱ्यांत कॅरिअर जाताना रिकामीच होती, आणि तरीही ती नेल्याचं सार्थक झालं.

बाबागाडी आमच्याकडे आहे आणि डांबरी रस्त्यावर तीच बरी. पण पानगळीत वाटेवर ओल्या पानांचा थर साचतो, त्याखाली मुळं आणि दगड दडलेले असतात, आणि चिखल चाकात भरला की गाडी ढकलण्याऐवजी उचलूनच न्यावी लागते. मुलाला गाढ झोप काढायची असेल तेव्हा मात्र बाबागाडीला पर्याय नाही. कॅरिअरमध्ये झोप लागली की मान एका बाजूला कलते. आमच्या कॅरिअरला पुढे मऊ गादी आहे, तिच्यावर गाल टेकतो, पण दुसऱ्या माणसाने मागून येत मानेकडे आणि चेहऱ्याकडे लक्ष ठेवावंच लागतं. मी एकटी असले तर खांद्याच्या पट्ट्याला अडकवलेल्या छोट्या आरशात बघते. हा आरसा वेगळा घ्यावा लागला, पण तो नसता तर मी एकटीने फिरायला निघालेच नसते.

आता बसवण्याबद्दल, कारण कॅरिअर बरी की वाईट हे निम्मं त्यावर ठरतं. कमरपट्टा पोटावर बांधायचा नसतो. कमरेच्या दोन्ही बाजूंना जी हाडं हाताला लागतात, त्यांच्यावर तो बसला पाहिजे. आधी तो घट्ट करायचा, मग खांद्यांचे पट्टे ओढायचे, मग खांद्यांच्या वरचे छोटे पट्टे, आणि शेवटी छातीवरचा. असं केलं की बहुतेक भार कमरेवरून पायांत उतरतो आणि खांदे मोकळे राहतात. नवरा माझ्यापेक्षा बराच उंच आहे, त्यामुळे अदलाबदल करताना दर वेळी पाठीची लांबी वरखाली सरकवावी लागते. आमच्या कॅरिअरमध्ये हे काम मिनिटभराचं आहे. दोघं वापरणार असाल तर हे आधी तपासून घ्या, खिसे किती आहेत ते नंतर बघा.

मुलाच्या बाजूने बघायचं तर रिकिबी, म्हणजे पाय टेकवायचे पट्टे, असलेलीच कॅरिअर घ्या. पाय नुसते लोंबकळत राहिले तर मांडीखाली बैठकीची कड रुतते, पायांना मुंग्या येतात आणि मूल कुरकुरायला लागतं. गुडघे बैठकीच्या पातळीला किंवा किंचित वर राहतील इतक्या उंचीवर रिकीब ठेवायची. थंडी वाढली आणि जॅकेट जाड झालं की आतले छातीपट्टे सैल करावे लागतात. दुपारी ऊन आल्यावर जॅकेट काढलं की तेच पट्टे पुन्हा घट्ट करायला विसरू नका, नाहीतर मूल त्यातून खांदा बाहेर काढू शकतं.

थंडीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण या ऋतूत तोच कळीचा मुद्दा आहे. आमच्या कॅरिअरचं स्वतःचं वजन साडेतीन किलो. लेक, पाणी आणि कपडे धरले तर अठरा किलोंच्या आसपास ओझं होतं. ते घेऊन चढण चढणाऱ्या माणसाला दहा मिनिटांत घाम फुटतो. पाठीवरचं मूल मात्र निश्चल बसलेलं असतं, तेही वाऱ्यात. आपल्याला उकडतंय म्हणून त्यालाही उकडत असेल, हा अंदाज इथे साफ चुकतो. आम्ही तिला आपल्यापेक्षा एक थर जास्त घालतो: अंगालगत लोकरीचा पातळ सदरा, त्यावर फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट. अंगालगत सुती कपडा नको, तो ओलावा धरून ठेवतो आणि मग अंग गार पडतं. हात गार लागले म्हणून घाबरू नये, मुलांचे हात लवकर गार होतात. मानेच्या मागे कॉलरमध्ये दोन बोटं घालून बघायचं. तिथे कोरडं आणि ऊबदार असेल तर ठीक. घामेजलेलं असेल तर एक थर उतरवायचा, गार असेल तर चढवायचा आणि तिला खाली उतरवून पळवायचं.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. बैठकीत बसल्यावर मुलाच्या पँटचे पाय वर सरकतात आणि मोजा व पँट यांच्यामधला चार बोटांचा पट्टा उघडा पडतो. नेमका तिथेच वारा लागतो, आणि आपल्याला तो दिसतही नाही, कारण पाय आपल्या कमरेच्या मागे असतात. त्यावर उपाय म्हणजे गुडघ्यापर्यंतचे लोकरीचे मोजे. बूटही थोडे सैल हवेत. घट्ट बुटात पाय जास्त गार पडतात. अर्ध्या-पाऊण तासाने उतरवायचंच असा आमचा नियम आहे, मग ती मागो वा न मागो. हातमोजे दोरीने एकमेकांना जोडून दोरी जॅकेटच्या बाह्यांतून ओवून घ्या. पाठीवरून पडलेला मोजा आपल्या लक्षात येतो तेव्हा तो फार मागे राहिलेला असतो.

या मोसमात ऊन तिरपं असतं, अगदी दुपारीही. छत डोक्यावरचं ऊन अडवतं, समोरून डोळ्यांत येणारं अडवत नाही. त्यामुळे टोपीला पुढे झाप हवी. दिवस तर डोळ्यांदेखत आखडत जातो. ४५ अंश अक्षांशाच्या आसपास सप्टेंबरच्या शेवटी तो रोज साधारण ३ मिनिटांनी लहान होतो, म्हणजे तीन आठवड्यांत तासाभराचा फरक पडतो. गेल्या महिन्यात जमलेली वाट या महिन्यात त्याच वेळी निघून उजेडात पूर्ण होईल असं धरून चालू नका. आमच्या खालच्या खिशात डोक्याला बांधायचा दिवा कायम असतो.

आता ज्यासाठी एवढा खटाटोप, ते. कॅरिअरमध्ये मुलाचं डोकं आपल्या डोक्याच्याही थोडं वर असतं, त्यामुळे झाडांच्या खालच्या फांद्या तिच्या हाताच्या टप्प्यात येतात. जमिनीवरून तिला पानं फक्त खालून दिसत, आता ती फांदीला लागलेली, वरून दिसायला लागली. ऑक्टोबरच्या मध्यावर एका मेपलपाशी मी थांबले आणि तिला फांदी धरू दिली. पिवळं पान तिने बोटाने नुसतं हलवलं तर ते देठासकट अलगद निघून हातात आलं. शेजारचं हिरवं पान ओढलं, ते येईना. पानगळीचं सगळं शास्त्र या दोन पानांत होतं. गळायच्या आधी देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर तयार होतो, तिथून पान सुटतं आणि जखम बुजलेली असते. हिरव्या पानात तो थर अजून पक्का झालेला नव्हता. रंगाचंही तसंच. हरितद्रव्य मोडत गेलं की आधीपासून पानात असलेला पिवळा रंग उघडा पडतो. लाल मात्र बहुतेक झाडांत नव्याने बनतो, आणि दिवसा स्वच्छ ऊन व रात्री गारवा (पण कडक गोठण नाही) असे दिवस मिळाले तर तो जास्त खुलतो. अडीच वर्षांच्या मुलीला हे सगळं सांगत नाही. तिला मी देठ सुटला त्या जागेची खूण दाखवली, आणि त्या खुणेच्या अगदी वर बसलेली गव्हाच्या दाण्याएवढी कळी. पुढच्या वसंतातलं पान उन्हाळ्यातच तिथे बांधून ठेवलेलं असतं. तिने त्या कळीवर बोट ठेवलं आणि माझ्या कानाशी म्हणाली, "बाळ आहे." त्यानंतर कित्येक दिवस ती प्रत्येक झाडाचं बाळ शोधत होती.

हे कानाशी बोलणं मला फार आवडलं. बाबागाडीत तोंड पुढे, आवाज वाऱ्यात जातो. इथे तिचं तोंड माझ्या कानापासून वीतभर अंतरावर. कोळ्याच्या जाळ्यावर साचलेलं दव, दक्षिणेकडे निघालेल्या बदकांची रांग, मेपलची गरगर फिरत खाली येणारी पंखवाली बी, हे सगळं तिने मला दाखवलंय, मी तिला नाही. ती बी मुठीत भरून वरून सोडायची आणि फिरताना बघायची, हा तिचा नोव्हेंबरपर्यंतचा आवडता खेळ होता. त्यासाठी लागणारी उंची कॅरिअरने दिली.

उतरल्यावर मात्र लक्ष ठेवावं लागतं. तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात ओकच्या फळासारखी गोल, गुळगुळीत वस्तू अडकू शकते, म्हणून ती फक्त डब्यात टाकायची, तोंडाजवळ न्यायची नाही. अळंबीला हात लावायचा नाही, कारण विषारी आणि खाण्यायोग्य अळंबी ओळखण्यात जाणती माणसंही फसतात. गोचिडी उन्हाळ्याबरोबर संपतात असं अनेकांना वाटतं. पण काही जातींच्या पूर्ण वाढलेल्या गोचिडी शरदातही फिरत असतात, आणि पानांच्या ढिगात लोळणारं मूल त्यांच्या वाटेतच येतं. घरी आल्यावर कानामागे, केसांच्या कडेला, काखेत आणि गुडघ्यामागे बघायचं. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, तेल वगैरे लावत बसायचं नाही.

खटकलेल्या गोष्टीही आहेत. सगळ्यात अवघड काम म्हणजे मुलासकट कॅरिअर एकटीने पाठीवर चढवणं. कॅरिअरच्या दोन्ही मुठी धरून आधी मांडीवर, मग एक हात पट्ट्यात, मग दुसरा, असं करावं लागतं आणि पाठ सरळ ठेवावी लागते. कंबर दुखरी असलेल्यांनी दुकानात मूल बसवून पाहिल्याशिवाय घेऊ नये. खालचं स्टँड सपाट जमिनीवर उत्तम उभं राहतं, पण पानांच्या थराखाली मूळ असेल तर कलतं. मी आधी पायाने पानं बाजूला सारते, माती दिसली की मगच टेकवते, आणि मूल आत असताना मुठीवरचा हात काढत नाही. झाडाखालून जाताना कमरेत वाकू नका. मुलाचं डोकं आपल्या आधी फांदीवर जातं. गुडघ्यात वाकून खाली व्हायचं. उतारावर ओली पानं दगडावर असली तर चक्क घसरगुंडी होते, तिथे मी एक काठी वापरते आणि पावलं लहान टाकते.

बारीकसारीक तक्रारी : पाण्याची बाटली स्वतःच्या हाताला येत नाही, दुसऱ्याकडून मागावी लागते. आतलं बकल थंडीत घट्ट होतं आणि हातमोजे घालून उघडत नाही. पावसाचं आवरण आतून दमट होतं, म्हणून बाजूची फट उघडी ठेवावी लागते. घामाने पाठ भिजते, तिथे हवा खेळेल अशी जाळी असूनही.

आमच्या कॅरिअरवर मूल, सामान आणि ती स्वतः धरून २२ किलोंची मर्यादा आहे. म्हणजे पुढच्या शरदापर्यंत जेमतेम पुरेल. मूल आधाराशिवाय नीट बसायला लागल्यापासून अशी कॅरिअर वापरता येते, त्यामुळे सात-आठ महिन्यांच्या बाळासाठी घेतली तर दोन-तीन मोसम सहज मिळतात. आमच्यासारखं उशिरा घेत असाल तर वापरलेली शोधा, बहुतेकांची फार झिजलेली नसते. मात्र बघताना छातीपट्ट्यांची शिवण दिव्याखाली तपासा, प्रत्येक बकल लावून जोराने ओढून पाहा, स्टँड उघडल्यावर खटकन अडकतं का ते बघा, आणि वजनमर्यादेचं लेबल वाचता येत नसेल तर मॉडेलचा क्रमांक विचारून निर्मात्याच्या माहितीपत्रकात मर्यादा पाहून घ्या. ते मॉडेल दोषामुळे कधी परत मागवलं होतं का, हेही निर्मात्याकडे विचारून घ्या.