माओरी मालकीचे देशी जंगल: परवाना, आराखडा की कावेनाटा?

न्यूझीलंडमधील माओरी जमिनीवरच्या देशी जंगलाचे काय करावे, हा विषय अशा सामाईक जमिनीचा कारभार पाहणाऱ्या विश्वस्तांच्या बैठकीत निघाला की बोलणे लगेच लाकडाच्या भावावर येते. मार्ग तीन आहेत: थोड्या तोडीचा परवाना, दीर्घ मुदतीचा तोडीचा आराखडा किंवा जंगल राखण्याचा करार, म्हणजे कावेनाटा. माझ्या मते आधी पाहावे ते हे, की आजची सही पुढच्या किती वर्षांच्या सहहिस्सेदारांना बांधणार आहे.

1949 च्या वन कायद्यात 1993 साली घातलेल्या भाग 3अ नुसार, विकण्यासाठी देशी लाकूड काढायचे तर प्राथमिक उद्योग मंत्रालयाची मंजुरी लागते. त्यातला परवाना सर्वांत सुटसुटीत, कारण तो दहा वर्षांत निकाली निघतो. मात्र रीमूसारख्या देशी सूचिपर्णी झाडांचे 250 घनमीटर, बीच या रुंद पानांच्या देशी झाडाचे 500 घनमीटर किंवा उभ्या लाकडाचा दहावा हिस्सा, यांतले जे कमी तेवढेच काढता येते. म्हणजे राईत 900 घनमीटर रीमू असेल, तर दहा वर्षांत 90 घनमीटर. एवढ्यासाठी डोंगरात रस्ता काढणे परवडेल का, हे ज्याने त्याने पाहावे.

आराखडा किमान 50 वर्षांचा असतो. जंगलाची मोजणी करून, वाढीइतकीच तोड ठरवावी लागते. रीमू एकेक किंवा लहान गटानेच पाडायचा, बीचची तोड अर्ध्या हेक्टरपर्यंतच्या तुकड्यांत. आराखड्याची नोंद जमिनीच्या दस्तावर चढते, त्यामुळे ज्यांचा अजून जन्मही झालेला नाही अशा वारसांवरही तो बोजा राहतो. जंगल मोठे असून तेथवर रस्ता असेल, तरच हा मार्ग मला पटतो.

न्गा फेनुआ राहुई हा सरकारी निधी 1991 पासून आहे. त्यातून होणाऱ्या कावेनाटा करारात व्यापारी तोड थांबते, पण मालकी हलत नाही, कुंपण आणि रानटी शेळ्या आणि पॉसम (ऑस्ट्रेलियातून आणलेला, झाडपाला खाणारा प्राणी) यांच्या बंदोबस्ताला पैसा मिळतो, ठरल्याप्रमाणे पारंपरिक वापरही चालू राहतो. कराराचा फेरविचार साधारण 25 वर्षांनी, म्हणजे नेमका पिढी बदलताना होतो. उभ्या चढाच्या, आडबाजूच्या जंगलासाठी मी हाच निवडेन. तिथे तसेही करवतीपेक्षा पॉसमच जंगल जास्त खातो.

दक्षिण बेटावर 1906 च्या कायद्याने भूमिहीन माओरींना मिळालेल्या जमिनींना 1993 मध्ये भाग 3अ च्या नियमांतून वेगळी सूट दिली गेली. त्यांचा हिशेब निराळा.

कोणताही कागद भरण्यापूर्वी विश्वस्तनामा काढून वाचावा. लाकूड विकण्याचा किंवा इतका दीर्घ करार करण्याचा अधिकार त्यात नसेल, तर तो आधी माओरी जमीन न्यायालयाकडून दुरुस्त करून घ्यावा लागतो.