सिंगापूर की मॉरिशस? सोलापुरातून घर हलवण्याआधी

दोन्हीकडच्या नोकऱ्या हातात असतील आणि पगाराचे आकडे शेजारी मांडले, तर सिंगापूर सहज पुढे जातं. पण पगार महिन्यातून एकदा होतो. घाम, स्वयंपाक, शेजारपाजार आणि पोरांची शाळा रोजची असते. सिंगापुरात मी स्वतः नोकरी केली, धाकटा भाऊ बायकापोरांसह मॉरिशसला आहे. सोलापुरातली ओळखीची पोरं आता हाच प्रश्न घेऊन घरी येतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी उन्हाचं. ‘आम्ही सोलापूरचे, आम्हाला उन्हाचं काय सांगता’ असं सगळेच म्हणतात. पण आपलं ऊन कोरडं आहे. मे महिन्यात पारा ४३ वर गेला तरी घाम वाळतो, कूलर गार हवा देतो, धुणं तासाभरात कडक होतं. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम १३७ किलोमीटरवर. बाराही महिने दुपारी ३१-३२ अंश, रात्री २५ च्या आसपास. आकडे ऐकून आपल्याला बरं वाटतं, पण हवेतला दमटपणा सरासरी ८० टक्क्यांच्या वर असतो. घाम अंगावरच राहतो. पाण्याचा कूलर तर बिनकामाचा, कारण त्याची सगळी मदार पाणी वाळण्यावर असते. एसी लागतोच, आणि त्याचं बिलही. चामड्याचे पट्टे-बूट कपाटात बुरशी धरतात, घरून नेलेली कडक भाकरी डबा नीट लावला नाही तर मऊ पडते. शिवाय सूर्य वर्षभर सकाळी सातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सातच्या सुमारास मावळतो. हिवाळा येतच नाही. काहींना हे सुखाचं वाटतं. मला तरी दुसऱ्या वर्षी संक्रांतीच्या दिवसांतल्या, गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीची फार ओढ लागली होती.

मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण २० अंशांवर आहे. आपण उत्तरेला जवळपास तितकेच. त्यामुळे तिथे ऋतू आहेत, पण आपल्या उलट: जून ते सप्टेंबर थंडी, डिसेंबर ते मार्च उकाडा आणि चक्रीवादळं. वादळाचे इशारे चार पायऱ्यांचे असतात. तिसरी पायरी लागली की बस बंद, माणसं घरात. मेणबत्त्या, पाणी, कोरडा शिधा भरून ठेवायची सवय लावून घ्यावी लागते. घर भाड्याने घेताना गाव बघून घ्या. पोर्ट लुईस तापतं, तर पठारावरच्या क्युरपीपला पाऊस आणि गारवा इतका की जुलैत स्वेटर लागतो. एबेनच्या आयटी पार्कमध्ये नोकरी असेल तर मधल्या गावांत राहणं मला सगळ्यात सोयीचं वाटतं.

पाण्याबाबत सोलापूरकराला समजावायला नको. सिंगापुरात नळाचं पाणी चोवीस तास, थेट पिता येतं. चार-पाच दिवसांआड पाणी भरून वाढलेल्या माणसाला याचं मोल कळतं. मॉरिशसला पावसाआधीच्या कोरड्या महिन्यांत पाणी ठराविक वेळेलाच येतं, घरांवर टाक्या असतात. आपल्याला ते नवं नाही. डेंग्यूचे डास दोन्हीकडे आहेत. सिंगापुरात मात्र तपासनीस घरी येऊन कुंड्यांखालच्या ताटल्या बघतात आणि अळ्या सापडल्या तर दंड करतात.

स्वयंपाकघरात सिंगापूर वरचढ. लिटल इंडियातलं मुस्तफा सेंटर आणि टेक्का मार्केट, दोन्हींत मिळून आपल्या घरातलं जवळपास सगळं सामान मिळतं. पण काळ्या मसाल्यासाठी किंवा वाटणासाठी खसखस नेऊ नका. अफूच्या झाडाचं बी म्हणून तिच्यावर बंदी आहे. तंबाखूची पुडी आणि मावाही घरीच ठेवा. मॉरिशसला ढोल पुरी रस्त्यावर मिळते, तीही डाळ भरलेली, आपल्या पुरणपोळीच्या नात्यातली पण तिखट. ज्वारीचं पीठ मात्र सोबत नेलेलं बरं.

आता माणसांचं. सिंगापुरात महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती होतो, पण हिंदूंच्या सणांपैकी सरकारी सुट्टी एका दिवाळीची. मॉरिशसला गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते, उगादीचीही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांना आणि पाडव्याची गुढी उभारणाऱ्यांना एकाच दिवशी सुट्टी मिळणारा परदेश माझ्या तरी माहितीत दुसरा नाही. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजूर म्हणून गेलेल्यांचे वंशज तिथे आहेत, त्यांची देवळं आणि झाकरी (कोकणातलं जाखडी नृत्य) आहे, आणि सरकारी शाळांत मराठी विषय घेता येतो. अर्थात ते घरी बहुतेक क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली बोलतात. वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये असतात, सरकारी कागद इंग्रजीत. नुसत्या इंग्रजीवर ऑफिस निभतं, मंडई निभत नाही. भावाच्या मुलीने सहा महिन्यांत क्रिओल उचललं आणि आता शेजारच्या आजीकडे तीच घरच्यांची दुभाषी असते. सिंगापूरच्या शाळांत तमिळबरोबर हिंदी, गुजराती, बंगाली, पंजाबी, उर्दू मातृभाषा म्हणून घेता येतात. मराठीला त्यात जागा नाही.

कागदपत्रांत सिंगापूर कडक आहे. २०२५ पासून एम्प्लॉयमेंट पाससाठी, म्हणजे परदेशी नोकरदाराच्या कामाच्या परवान्यासाठी, महिन्याचा किमान पगार ५,६०० सिंगापूर डॉलर, वय वाढेल तसा त्याहून जास्त. बायकोमुलांना न्यायला ६,०००, आई-वडिलांना दीर्घकाळ ठेवायला १२,०००. गाडी घ्यायचा विचारच सोडा, गाडी बाळगण्याचा नुसता परवानाच अलीकडे लाख डॉलरवर गेलाय. पण मेट्रो-बस इतकी चोख की गरजही पडत नाही. मॉरिशसला गाडीशिवाय अडतं, गावाकडच्या बस संध्याकाळीच आटोपतात.

एकटे असाल, नोकरी बदलत वर चढायचं असेल, तर सिंगापूर घ्या. हैदराबादहून थेट विमान आहे आणि हैदराबाद आपल्याला मुंबईपेक्षा जवळ. मुलं लहान असतील आणि कमी पगारात निवांत संध्याकाळ हवी असेल, तर मी मॉरिशसच सांगेन. आई-वडिलांना फिरायला बोलवायचं तर मॉरिशससाठी भारतीय पर्यटकांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, सिंगापूरसाठी लागतो. जून-जुलैत मॉरिशसला बोलवलं, तर त्यांच्या बॅगेत स्वेटर आणि आपली एक चादर टाकायला सांगा.