पोपांचा इतिहास जुन्या पेपरांतून वाचायचाय? दैनिक की कॅथलिक साप्ताहिक?

पोपांचा इतिहास जुन्या वर्तमानपत्रांतून वाचायचा म्हटलं की दोन वाटा दिसतात: सर्वसाधारण दैनिकं आणि कॅथलिक साप्ताहिकं. दोन्ही घरबसल्या, संकेतस्थळांवर फुकट मिळतात. अमेरिकन दैनिकं ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’वर, ऑस्ट्रेलियातली ‘ट्रोव्ह’वर, आणि ‘न्यूझीलंड टॅब्लेट’सारखं कॅथलिक साप्ताहिक ‘पेपर्स पास्ट’वर. हाताशी वेळ मोजका असेल तर सुरुवात कुठून करायची, हाच प्रश्न उरतो. मी दोन्हीकडे १९०३ साल वाचलं, त्यावरून लिहितो.

त्या वर्षी २० जुलैला पोप तेरावे लिओ वारले, वयाच्या ९३ व्या वर्षी. दैनिकांत त्यांचं आजारपण वाचताना आपण उशाशी बसलोय असं वाटतं. डॉ. लाप्पोनी आणि डॉ. मात्सोनी यांची पत्रकं येत राहतात: नाडी किती, श्वास किती, ताप किती, फुप्फुसाभोवतीचं पाणी काढलं, रात्र कशी गेली. उद्या काय होणार हे छापणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि ती धाकधूक ओळीओळीत उतरते. नवा पोप ठरला की मतपत्रिका जाळून पांढरा धूर सोडतात. पुढे १९५८ मध्ये २६ ऑक्टोबरला धूर पांढरा भासला, व्हॅटिकन रेडिओनं पोप निवडले गेल्याचं सांगूनही टाकलं. निवड झाली २८ तारखेला. असा गोंधळ दैनिकातच वाचावा. साप्ताहिक हाती येईपर्यंत निकाल लागलेला असतो.

तरी दैनिकांवरून माझं मन उडालं ते एका गोष्टीमुळे. शोधखिडकीत नाव टाकलं की निकालांचा ढीग येतो. या गावचा पेपर, त्या गावचा पेपर, उत्साहानं एकेक पान उघडावं, तर सगळीकडे वृत्तसंस्थेची तीच तार. मथळा निराळा, शेवटचा परिच्छेद जागेअभावी छाटलेला, बाकी मजकूर शब्दशः तोच. वर ‘रोम, १८ जुलै’ एवढंच. लिहिणारा कोण, त्याला कोणी सांगितलं, काही कळत नाही. दहा पेपरांनी छापलं म्हणून दहा साक्षीदार आहेत असं वाटत राहतं, आणि असतो एकच. अख्ख्या संध्याकाळी अशा गेल्या, टिपणवहीत भर मात्र दोन ओळींची.

त्यात १९०३ ची निवडणूक गुंतागुंतीची. पोप निवडतात ते कार्डिनल, म्हणजे चर्चचे वरिष्ठ धर्मगुरू. त्यांतल्या रामपोल्ला यांचं पारडं जड होत असताना २ ऑगस्टला क्राकोचे कार्डिनल पुझिना यांनी ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या वतीनं त्यांच्याविरुद्ध नकाराधिकार वापरला. ४ ऑगस्टला कार्डिनल सार्तो निवडून आले, ते दहावे पायस झाले आणि १९०४ मध्ये त्यांनी असा हस्तक्षेप कायमचा बंद केला. हे धागे चार ओळींच्या तारेत मावत नाहीत.

साप्ताहिक उशिरा येतं, पण सावकाश बोलतं. रोमहून टपालानं आलेली लांब पत्रं, कोण कोणाच्या बाजूचा याची माहिती, विश्वपत्रांची, म्हणजे पोपनी साऱ्या चर्चला लिहिलेल्या पत्रांची, भाषांतरं. १८९१ चं ‘रेरुम नोवारुम’ हे असंच विश्वपत्र, कामगारांच्या प्रश्नावरचं. दैनिकातल्या गोषवाऱ्यावर त्याची कल्पना यायची नाही.

साप्ताहिकं एकतर्फी असतात हे मान्यच करायला हवं. २० सप्टेंबर १८७० ला इटलीच्या सैन्यानं रोम घेतलं, तेव्हापासून इटली आणि पोप यांच्यातला वाद मिटवणाऱ्या १९२९ च्या लॅटरन करारापर्यंत ती पोपच्याच बाजूनं उभी आहेत. पण ही बाजू पहिल्या पानावरूनच कळते आणि वाचणारा तेवढी वजावट करून घेतो. निनावी तारेत ती कशी करणार? कदाचित हा माझ्या आवडीचा भाग असेल. ज्याला निवडणुकीचे चार दिवसच हवेत, त्यानं खुशाल दैनिक धरावं, मीही त्या दिवसांपुरतं तेच उघडतो.

आपल्याकडच्या वाचकाला तर साप्ताहिकाला पर्याय नाही असं मला वाटतं. मुंबईत १९२८ पर्यंत पोर्तुगालच्या पाद्रोआदोखालची (पोर्तुगालला पोपकडून मिळालेला चर्चवरचा अधिकार) आणि थेट रोमच्या प्रोपागांडाखालची (धर्मप्रसाराचं काम पाहणारं रोमचं खातं) चर्चेस शेजारीशेजारी होती. याच तेराव्या लिओंनी १८८६ मध्ये पोर्तुगालशी करार केला आणि गोव्याच्या आर्चबिशपांना ‘ईस्ट इंडीजचे पॅट्रिआर्क’ ही मानाची पदवी मिळाली. गिरगाव, वांद्रे, वसईच्या माणसाला पोपचा निर्णय दारात येऊन भिडला तो इथे. त्यासाठी मुंबईचं कॅथलिक साप्ताहिक ‘एक्झामिनर’ धुंडाळावं. ते १८५० पासून निघतंय.