कोच एक नंबर, बाथरूमला शून्य (३ स्टार)

मी व्हीलचेअरवर असतो, आणि लातुरात माझ्यासारखे बरेच जण खेळायला जागा शोधायलेत म्हणून या बॅडमिंटन हॉलबद्दल जरा सविस्तर लिहायलोय.

आधी कोचबद्दल. लय भारी माणूस. बाकी ठिकाणी मला बघितलं की "या, बसा, मॅच बघा" म्हणतेत, यानं डायरेक्ट विचारलं, बॅकहँड कसाय तुमचा? व्हीलचेअर सिंगल्सचे नियमही त्याला पाठ होते. रुंदीनं अर्धंच कोर्ट वापरायचं अन् नेट ते पुढची सर्व्हिस लाईन एवढा पट्टा आऊट धरायचा, बस. म्हणजे नवीन एक रेषासुद्धा आखावी लागत नाही, ज्या रेषा आहेत त्याच्यातच खेळ होतो, मग बाकीच्या हॉलवाल्यांना "आमच्याकडं सोय नाही" म्हणायला तोंड कसं होतं काय माहीत. इथं उभं राहून खेळणारी पोरंही माझ्यासंगं अर्ध्याच कोर्टात खेळतेत आणि मुद्दाम हरत नाहीत, घामटा काढतेत. मालकाला आधी मॅटची काळजी होती, टायरचे काळे डाग पडतील म्हणून, मग त्याला माझे राखाडी टायर दाखवले तवा गडी गप झाला. फक्त खुर्चीला मागं छोटं चाक लावून घ्या, डोक्यावरचं शटल घ्यायला मागं झुकलं की खुर्ची उलटते.

आता रॅम्प. पायऱ्या धरून उंची फूटभर, म्हणजे एकास बाराच्या हिशोबानं रॅम्प बारा फूट पाहिजे. इथं चारेक फुटाचा आहे, वरून गुळगुळीत टाईल्स! एकट्यानं चढणं विसराच. मग कुणीतरी न विचारता मागून खुर्ची ढकलतं, ते मला अजिबात आवडत नाही, आधी विचारा ना बाबा.

आणि बाथरूम? दाराला उंबरा, दार एवढं अरुंद की खुर्ची आत जातच नाही. म्हणून खेळायला जायच्या आधी पाणी कमी प्यायचं, लातूरच्या उन्हाळ्यात! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात खेळासाठी वेगळं कलम आहे, २०२१ ला टोकियो पॅरालिम्पिकमधे (दिव्यांग खेळाडूंचं ऑलिम्पिक) प्रमोद भगत अन् कृष्णा नागरनं बॅडमिंटनमधे गोल्ड आणलं तवा सगळ्यांनी स्टेटस ठेवले, पण उंबरा काही कुणी काढंना.

मालक म्हणला तुमच्याकडून काय फी घ्यायची. मी म्हणलं पूर्ण घ्या, अन् त्यातून ते दार रुंद करा. हसला, करतो म्हणला. झालं की दोन स्टार वाढवतो.

जायचं असंल तर सकाळी जा. संध्याकाळी रॅम्पच्या तोंडालाच बाईका लावलेल्या असतेत, वॉचमनला आधी फोन केला तर तो काढून ठेवतो.