एसडीटीएम.ओक वापरून पाहिलं: कळ दाबून डोमेन होत नाही, तरी ठेवलंय

आधी निकाल सांगते, घाईत असाल तर एवढं वाचून निघा. एसडीटीएम.ओक म्हणजे औषध-चाचणीचा कच्चा डेटा ठरलेल्या साच्यात बसवायला मदत करणारं पॅकेज. व्हायटल साइन्स (रक्तदाब, नाडी वगैरे), लॅब अशा मोजमापांच्या डोमेनसाठी, म्हणजे विषयवार तक्त्यांसाठी, ते जरूर घ्या. सुरुवात डेमोग्राफिक्सपासून (वय, लिंग अशी रुग्णाची माहिती) करू नका. आणि ‘आता स्पेक (कुठला डेटा कुठे जायचा त्याचा आराखडा) टाकला की प्रोग्राम आपोआप’ असं कृपा करून बॉसला सांगून बसू नका.

आता सविस्तर. मी नाशिकच्या इंदिरानगरला घरून क्लिनिकल ट्रायलच्या डेटाचं काम करते. बी.फार्म. झाल्यावर काही वर्षं अंबड एमआयडीसीत क्यूएला, म्हणजे गुणवत्ता विभागात होते. नोंद कुठून आली, कुणी बदलली, का बदलली हे विचारायची खोड तिथलीच. शेजारच्या काकू अजून विचारतात, “अगं, पण तू औषधं बनवतेस की कम्प्युटरचं करतेस?” काकू, दोन्हींच्या मधलं! एकच ट्रायल अनेक देशांतल्या रुग्णालयांत चालते. प्रत्येक अभ्यासाचे फॉर्म वेगळे, तारीख लिहायची तऱ्हा वेगळी, एककं वेगळी. ते सगळं सीडिस्क या डेटाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या एसडीटीएम साच्यात बसवायचं. हौस म्हणून नाही. १७ डिसेंबर २०१६ नंतर सुरू झालेल्या अभ्यासांचा डेटा नव्या औषधाच्या अर्जासोबत अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकाला प्रमाणित रूपातच द्यावा लागतो, आणि जपानच्या नियामकाने, पीएमडीएनेही २०२० पासून तेच सक्तीचं केलंय.

हे काम बहुतेक ठिकाणी सॅस या सॉफ्टवेअरमध्ये होतं. खरं सांगायचं तर मागच्या अभ्यासाचा प्रोग्राम उचलून, नावं बदलून होतं. त्यात कुणीतरी कधीतरी घुसवलेली एखादी ‘इफ’ची ओळ अभ्यासामागून अभ्यास फिरत राहते, आणि ती का घातली हे सांगू शकणारा माणूस केव्हाच दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

एसडीटीएम.ओक हे आर भाषेतलं फुकट, खुलं पॅकेज. फार्माव्हर्स या औषध-डेटासाठीच्या खुल्या आर पॅकेजांच्या प्रकल्पातलं. मूळ कल्पना रोश या औषध कंपनीतली. म्हणणं एवढंच की एसडीटीएमची बहुतेक व्हेरिएबल्स मोजक्याच रीतींनी भरतात. रॉ डेटातली किंमत जशीच्या तशी उचला, कोडलिस्टमधून (प्रमाण शब्दांच्या यादीतून) बदलून घ्या, ठरलेली किंमत लावा, किंवा तारीख-वेळ जुळवा. प्रत्येक रीतीला एक फंक्शन. फॉर्मवर सिस्टोलिक, डायस्टोलिक, नाडी एकाच आडव्या ओळीत असतात आणि एसडीटीएमला प्रत्येक मोजमापाची स्वतंत्र ओळ लागते. मग हार्डकोड-सीटीने (ठरलेली किंमत लावणारं फंक्शन) चाचणीचा कोड ‘एसवायएसबीपी’, असाइन-नो-सीटीने (किंमत जशीच्या तशी उचलणारं) आकडा, पुन्हा हार्डकोड-सीटीने एकक. डायस्टोलिकला तेच, नाडीला तेच, शेवटी सगळं एकाखाली एक. ‘मोजलंच नाही’ ही खूण असेल तर कंडिशन-ॲडने तेवढ्याच ओळी निवडून ‘नॉट डन’ लावायचं. प्रोग्राम लांबतो. सॅसवाल्या मैत्रिणीने बघून नाकच मुरडलं, “हे मी एका ट्रान्सपोजमध्ये (आडव्याचं उभं करणारी सॅसची आज्ञा) करते!” करतेस गं, पण तुझा ट्रान्सपोज फक्त तुलाच वाचता येतो.

मला आवडलं ते दुसरंच. सुरुवातीला प्रत्येक रॉ ओळीला तीन खुणा लागतात: ओक-आयडी, रॉ-सोर्स आणि पेशंट-नंबर. पुढची सगळी जोडणी त्यांवरच होते. तपासताना कुठल्याही आकड्यावर बोट ठेवा, तो कुठल्या फॉर्मच्या कितव्या ओळीतून आला ते तिथेच दिसतं. अंतिम डेटासेटमध्ये या खुणा ठेवायच्या नसतात. पण तोवर माझ्यासारख्या क्यूएतून आलेल्या बाईचं काम झालेलं असतं.

तारखांना तर पैकीच्या पैकी. साइटवाले, म्हणजे ट्रायल चालते त्या रुग्णालयातले लोक, दिवस आठवत नसेल तर ‘यूएन जून २०२३’ लिहितात. ‘यूएन’ म्हणजे अज्ञात हे फंक्शनला सांगता येतं, आणि ते २०२३-०६ इतकंच देतं, मनाने १ तारीख चिकटवत नाही. जी तारीख वाचताच आली नाही तिची यादी ‘प्रॉब्लेम्स’ नावाच्या फंक्शनने वेगळी मिळते. स्टडी-डेचा, म्हणजे अभ्यासाचा कितवा दिवस याचा हिशोबही तयार आहे. तिथे शून्य दिवस नसतो, पहिल्या डोसच्या आदल्या दिवसाला उणे एक म्हणतात, आणि नवशिके हमखास तिथेच अडखळतात.

कोडलिस्टचं मात्र हात राखून कौतुक. तुम्ही एक तक्ता द्यायचा, त्यात प्रमाण शब्द आणि साइटवरून आलेला शब्द शेजारी शेजारी. जो शब्द जुळला नाही तो कन्सोलवर छापून येतो, पण रन थांबत नाही. लांबलचक लॉगमध्ये ती ओळ सहज नजरेआड होते. शिवाय सीडिस्कची शब्दावली ठरावीक काळाने नवी येते, तेव्हा तो तक्ता सांभाळायला एक जबाबदार माणूस लागतोच. तो खर्च कुठल्याच सादरीकरणात दाखवत नाहीत.

आणि मुख्य अडचण पॅकेजमध्ये नाहीच. फॉर्मच दर अभ्यासाला नव्याने रचले, रक्तदाबाचं व्हेरिएबल एकदा ‘एसवायएस-बीपी’ आणि पुढच्या वेळी ‘बीपी-वन’ असलं, तर ओकचा प्रोग्रामही दर वेळी हातानेच दुरुस्त करायचा. फॉर्म सीडॅशप्रमाणे (फॉर्म कसे रचावेत याचं सीडिस्कचंच मानक) असले तर तोच प्रोग्राम थोड्या बदलाने पुढे चालतो. म्हणजे ऑटोमेशन हवं असेल तर आधी डेटा मॅनेजमेंटच्या मीटिंगमध्ये जाऊन भांडा, आर नंतर इन्स्टॉल करा.

“एफडीएला आर चालतं का?” हा प्रश्न मला हमखास येतो. अमुकच सॉफ्टवेअर वापरा अशी सक्ती नसल्याचं एफडीएने २०१५ मध्येच स्पष्ट केलंय. फाइल मात्र जुन्या एक्सपीटी स्वरूपातच द्यायची: व्हेरिएबलचं नाव ८ अक्षरांत, लेबल ४० अक्षरांत. ते ओकचं काम नाही, त्यासाठी एक्सपोर्टर हे वेगळं पॅकेज आहे. तुमच्या कंपनीत आर पॅकेजचं व्हॅलिडेशन, म्हणजे ते बरोबर चालतं याची लेखी खातरजमा कोण करणार, हे मात्र आधी विचारून घ्या. आमच्याकडे तांत्रिक कामापेक्षा त्या कागदांनाच जास्त वेळ गेला.

घरी करून पाहायचं असेल तर कंपनीच्या डेटाला हात लावू नका. सीडिस्कच्या पायलट अभ्यासाचा, म्हणजे अल्झायमरवरच्या झॅनोमेलिन या औषधाच्या चाचणीचा डेटा सगळ्यांसाठी खुला आहे, आणि फार्माव्हर्सवर त्यावरून बेतलेला रॉ डेटाही मिळतो. मी त्यावरच हात बसवला, साध्या लॅपटॉपवर. जूनमध्ये आमच्याकडे लाइट जाते तेव्हा ऑफिसचं रिमोट डेस्कटॉप मरतं, पण हे चालू राहतं. हा फायदा कुठल्या माहितीपत्रकात नसणार!

सध्या आमच्या टीममध्ये व्हायटल साइन्स आणि लॅब ओकवर आहेत, बाकी सॅसवर. डबल प्रोग्रामिंगची (पडताळणीसाठी तोच डेटासेट दुसऱ्याने स्वतंत्रपणे बनवण्याची) दुसरी बाजू मुद्दाम सॅसमध्येच ठेवलीय. पुढच्या अभ्यासात ॲडव्हर्स इव्हेंट (रुग्णाला झालेल्या त्रासांच्या नोंदी) घ्यायचं ठरतंय, पण फॉर्म कसे येतात ते बघून.